मापाडीनं विचारलं नाही

मकरंद बिरनाळे शुद्धीवर आला तो आठव्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला. घशातली नळी आदल्या दिवशी काढली होती. खाटेच्या एका बाजूला त्याची बायको रोहिणी उभी होती, दुसऱ्या बाजूला धाकटी बहीण शलाका. तो हलला तशा दोघी एकदमच बोलल्या. रोहिणीनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. तो दचकला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कोण आहे? बोलत का नाही?"

रोहिणी बोलतच होती. आधी हळू, मग मोठ्यानं, मग अगदी कानाशी तोंड नेऊन. मकरंदनं मान दोन्हीकडे वळवली. तो जन्मापासून आंधळा होता आणि आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवायची त्याची जुनी सवय होती. पण आता त्याला दिशाच सापडत नव्हती. "पंखा बंद आहे का?" त्यानं विचारलं. "इतकं शांत का आहे इथं?"

काय झालं ते रोहिणीच्या आधी शलाकाला कळलं.  तिनं त्याचे दोन्ही हात चादरीवर पालथे ठेवले आणि त्याच्या तीन-तीन बोटांवर, ब्रेलच्या टंकयंत्राच्या कळा दाबाव्यात तशी, आपली बोटं दाबू लागली. लहानपणी अण्णाच्या, म्हणजे मकरंदच्या, शाळेची पुस्तकं वाचता वाचता ती ब्रेल शिकली होती. एकेक अक्षर करत तिनं लिहिलं, मी शलाका.

"मग बोल की," तो म्हणाला.

तिनं पुढं लिहिलं, अण्णा, तुला ऐकू येत नाहीये.

 मग त्यानं विचारलं, "किती दिवस?" शलाकाची बोटं त्याच्या बोटांवर तशीच राहिली. उत्तर तिला ठाऊक होतं. तिचा तो धंदाच होता.

शलाका औषधशास्त्रातली डॉक्टर. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना अँटिबायोटिकची किती मात्रा द्यायची, हा तिचा विषय. ऐकायला हा विषय सोपा वाटतो, पण साधी औषधं थकली तेव्हापासून तो फार अवघड झाला होता. २०४१ सालापर्यंत अशी वेळ आली होती की काही जंतूंवर फक्त दोन-तीन जुनीच औषधं चालत, आणि तीही विषारी. कोलिस्टिन जंतूंबरोबर मूत्रपिंडंही झिजवी. मायसिन जातीची औषधं कानाच्या आतला नाजूक भाग जाळत. औषध कमी पडलं तर माणूस जंतूनं जाणार, जास्त झालं तर औषधानं. त्यात अत्यवस्थ माणसाचं शरीर तासातासाला बदलतं. अंगात पाणी साठतं, मूत्रपिंडं मंदावतात, सकाळी बरोबर असलेली मात्रा दुपारी जहर होते. कागदावर हिशेब करून डॉक्टर थकून जात.

त्यावर मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात पाच जणांनी मिळून यंत्र बनवलं. रुग्णाच्या छातीवर तळहाताएवढी पट्टी चिकटवायची. तिच्या केसाएवढ्या बारीक सुया दर पाच मिनिटांनी अंगातलं औषध मोजत. यंत्र ते आकडे बघून पुढच्या तासात कुठल्या अवयवाचं काय होईल ते सांगे, औषध निवडी, मात्रा ठरवी आणि पंपातून स्वतःच सोडी. रक्ताच्या एका थेंबावरून जनुकांची तपासणीही चाळीस मिनिटांत करी. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण सांगलीच्या हळदबाजारातल्या घरांतून आलेल्या परिचारिका त्याला मापाडी, म्हणजे माल मोजून देणारा, म्हणू लागल्या आणि तेच नाव चाळीस रुग्णालयांत पोचलं. मापाडी आल्यावर औषधाच्या विषानं दगावणारी माणसं निम्म्यावर आली.

त्या पाच जणांचे प्रमुख डॉ. निशिकांत हळदीकर. शलाका त्यांची विद्यार्थिनी, मग सहकारी. तिच्या लग्नात सर मांडवाच्या दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करत होते. यंत्रातली एक गोष्ट मात्र सर्वस्वी शलाकाची होती. जीव वाचवण्यासाठी एखादा अवयव कायमचा गमवावा लागणार असेल, तर यंत्रानं थांबायचं आणि माणसांना विचारायचं, असा नियम तिनं भांडून घातला होता. तिनं त्याला विचारणा असं नाव दिलं. नातेवाइकाच्या फोनवर साध्या मराठीत प्रश्न येई: या औषधानं जगण्याची शक्यता इतकी, पण हे जाईल. त्या औषधानं शक्यता थोडी कमी, पण ते जाईल. रुग्ण काय काम करतात? कशाशिवाय त्यांचं जगणं अशक्य होईल? शलाका गावोगावच्या रुग्णालयांत जाऊन सांगे, की हे यंत्र विचारल्याशिवाय तुमच्या माणसाचं काही हिरावून घेणार नाही.

मकरंदचं कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. आंधळा माणूस तांब्याच्या तारेचे वेढे कसे मोजतो याचं नव्या गिऱ्हाइकाला नवल वाटे. जुन्यांना माहीत होतं, की तो स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला लावून मूठ कानाला टेकवतो आणि बेअरिंग कुठं घासतंय ते सांगतो. त्या सोमवारी पाच अश्वशक्तीच्या मोटारीचं झाकण त्याच्या पायावर पडलं. जखम बोटभरच होती. शुक्रवारी ताप चढला, शनिवारी सकाळी रक्तदाब खाली आला आणि रोहिणीनं त्याला मिरजेला आणलं. जंतू असा निघाला की त्यावर फक्त कोलिस्टिन आणि एक मायसिन चालणार होतं.

आपल्या माणसाच्या उपचारात डॉक्टरनं हात घालायचा नाही, हा रुग्णालयाचा नियम शलाकानं पाळला. ती वहिनीबरोबर नातेवाइकांच्या बाकावर बसली. वहिनींचा फोन तिनं स्वतः यंत्राशी जोडून दिला आणि सांगितलं, "प्रश्न येईल. आला की आपण दोघी मिळून उत्तर देऊ." फोन रोहिणीनं पदराआड धरून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, की अजून काही आलं नाही, असं कसं? शलाकानं तिला धीर दिला, की नाही आलं म्हणजे चांगलंच आहे. कायमचं जाईल असं काही द्यावं लागलं नाही. हे तिनं इतक्या खात्रीनं सांगितलं की रोहिणी त्या दुपारी प्रथमच पोटभर जेवली.

आणि आता अण्णा विचारत होता, पंखा बंद आहे का.

त्याच दिवशी शलाकानं नातेवाईक म्हणून अर्ज करून मापाडीची नोंद मागवली. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसून तिनं ती उघडली. शनिवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं: जनुक तपासणी पूर्ण. आईकडून आलेला एक बदल आढळला. त्याचा अर्थ शलाकाला वाचावा लागला नाही. आपल्या पेशींमध्ये ऊर्जा बनवणारे जे सूक्ष्म कारखाने असतात, ते फार प्राचीन काळी जंतूच होते आणि त्यांची घडण अजून थोडी जंतूंसारखी आहे. बहुतेकांच्या बाबतीत मायसिनला हा फरक कळतो. काही घराण्यांत, आईच्या बाजूनं, जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. मग कानातल्या पेशींचे कारखाने मायसिनला जंतूंसारखेच दिसतात आणि ते त्यांनाही मारतं. अशा माणसाला अगदी थोडी मात्राही पुरते. म्हणजे तिच्या स्वतःच्या अंगातही ते अक्षर होतं, तिच्या मुलीच्याही.

खाली यंत्रानं दोन वाटा मांडल्या होत्या. कोलिस्टिन: शंभरात एकोणसत्तर जगतील, निम्म्यांची मूत्रपिंडं दुखावतील, त्यातली बरीच पुढं सावरतील. मायसिन: शंभरात सत्त्याहत्तर जगतील, श्रवण आणि तोल जाणं जवळजवळ नक्की. निवड: मायसिन. आणि त्यापुढच्या रकान्यात लिहिलं होतं, विचारणा: आवश्यक नाही.

शलाकानं ती ओळ तीनदा वाचली. मग यंत्राच्या नियमांचा इतिहास उघडला. चौदा महिन्यांपूर्वी एक ओळ बदलली होती. दोन औषधांतल्या जगण्याच्या शक्यतेत शंभरात पाचहून अधिक फरक असेल तर विचारू नये. अत्यवस्थ माणसाच्या बाबतीत फरक बहुधा पाचहून अधिकच असतो. पूर्वी चाळीस रुग्णालयांत मिळून महिन्याला वीस-बावीस वेळा विचारणा होई. चौदा महिन्यांत ती तीनदा झाली होती. आकडा उतरल्याचं शलाकानं पाहिलं होतं. यंत्र सुधारत चाललंय म्हणून प्रश्न विचारायची वेळच येत नाही, असं तिनं एका व्याख्यानात अभिमानानं सांगितलंही होतं.

बदलाखाली दोन सह्या होत्या. एक हळदीकर सरांची. दुसरी तिची.

तिला तो दिवस आठवला. साठ पानांचा गठ्ठा होता. सर म्हणाले होते, किरकोळ दुरुस्त्या आहेत, पुण्याला औषध समितीकडं आज पाठवायच्यात. तिनं शेवटचं पान काढून सही केली होती. सरांचं वाचून बघायचं, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

हळदीकर आपल्या खोलीत चहा घेत होते. शलाकाच्या हातातला कागद बघून त्यांनी कप खाली ठेवला आणि तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. त्यांनी काही नाकारलं नाही. शांतपणे सगळं सांगितलं. विचारणेला नातेवाईक सरासरी साडेतीन तास लावत. कुणी गावाकडच्या काकांना फोन करी, कुणी देवाला कौल लावी, कुणी नुसतं रडत बसे. तेवढ्यात जंतू वाढत. जतजवळची एकोणीस वर्षांची एक मुलगी, बापाला ठरवता येईना म्हणून, त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. त्यांनी हिशेब केला. विचारणा काढली तर हजारात अकरा माणसं जास्त जगत होती. "माणसं प्रश्नानं मरत होती, शलाका," ते म्हणाले. "आणि तुला हे पटलं नसतं."

शलाकानं विचारलं, "शनिवारी दुपारी कामावर कोण होतं?"

"मी."

"जनुकाचा निकाल तुम्हाला दिसला होता?"

"दिसला होता."

"तो आंधळा आहे हे तुम्हाला माहीत होतं, सर. तुमच्या बंगल्यावरची पाण्याची मोटार त्यानं भरून दिलीय. तुमच्या हातचा चहा प्यायलाय तो."

हळदीकरांनी चष्मा काढला. "म्हणूनच विचारलं नाही," ते म्हणाले. "तुला विचारलं असतं तर तू कोलिस्टिन म्हणाली असतीस. आणि तो गेला असता तर जन्मभर तू ते डोक्यावर घेऊन फिरली असतीस. ते ओझं मी घेतलं. आज तो जिवंत आहे."

"मी आठवडाभर बाकावर बसले होते. तुम्ही चारदा माझ्यासमोरून गेलात. एकदा माझ्या पाठीवर हात ठेवलात. तेव्हाही सांगितलं नाहीत."

 शलाकाला वाटलं होतं की ती ओरडेल, कागद फेकेल. तसं काही झालं नाही. सर खोटं बोलत नव्हते, तेच जास्त लागत होतं. त्यांनी प्रेमानं, काळजीनं, केसानं गळा कापला होता आणि कागदावर तिचीही सही होती.

दोन दिवसांनी मकरंदला साध्या खोलीत हलवलं. त्याच्या मांडीवर ब्रेलपट्टी ठेवली होती; समोरचा माणूस बोलला की पट्टीवर ठिपके उठत आणि तो बोटांनी वाचे. त्यामुळं बोलणं जमू लागलं होतं. उभं राहणं मात्र जमत नव्हतं. माणसाचा तोल तीन गोष्टी सांभाळतात: डोळे, कानाच्या आत असलेली तोल सांभाळणारी इंद्रियं, आणि पायाचे तळवे. एक गेलं तर उरलेली दोन भागवतात. मकरंदकडं दोनच होती आणि त्यातलं एक मायसिननं नेलं होतं. पहिल्यांदा खाटेवरून उतरल्यावर तो वाऱ्यावरच्या ताडासारखा डोलला आणि रोहिणीच्या अंगावर कोसळला. ज्या माणसानं मिरज स्टेशन ते कुपवाड एकट्यानं, काठी आपटत, वीस वर्षं केलं होतं, तो खाटेची कड सोडेना.

शलाकानं त्याला सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, सहीसुद्धा. रोहिणी खिडकीपाशी पाठ करून उभी होती. मकरंद पट्टीवरून बोटं फिरवत राहिला. शेवटी त्यानं विचारलं, "मायसिन द्यायचं किती वाजता ठरलं?"

"दोन वाजून दहा मिनिटांनी."

"आणि मला झोपवून घशात नळी कधी घातली?"

शलाकानं नोंद पाहिली. "सव्वापाचला."

 "तीन तास," तो म्हणाला. "शलाके, मी जागा होतो. मला सगळं आठवतंय. त्या सिस्टरशी मी बोलत होतो. सासर कवठे एकंदचं आहे तिचं. तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, बदला म्हणून सांगितलं मी तिला. मला का नाही विचारलं कुणी?"

 तो पुढं म्हणाला, "सरांचं सोड. त्यांनी ती ओळ बदलली नसती तर प्रश्न कुणाला गेला असता?"

"वहिनींना," ती म्हणाली. "त्यांच्या फोनवर."

"मी शुद्धीत असतानाही?"

तिनं तो नमुना स्वतः लिहिला होता. पहिला रकाना होता: निर्णय देणाऱ्या नातेवाइकाचं नाव. अतिदक्षता विभागातला माणूस बोलण्याच्या स्थितीत नसतो, असं तिनं धरलं होतं. बरेचदा ते खरंही होतं. पण तो बोलू शकत असेल तर काय, हे पाच जणांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, जिचा भाऊ जन्मभर, "यांना पाणी हवंय का?" असं शेजारच्याला विचारणारी माणसं ऐकत आला होता, तिच्याही.

"हो," ती म्हणाली. "असतानाही."

"बरं," मकरंद म्हणाला. त्यात राग नव्हता. त्यानं पट्टी बंद करायला रोहिणीला खूण केली आणि तोंड भिंतीकडं वळवलं. रोहिणीनं शलाकाकडं न बघताच सांगितलं, की आता त्यांना झोपू द्या.

त्या आठवड्यात शलाकानं राज्याच्या औषध समितीला तक्रार लिहिली. घरी नवरा म्हणाला की सही तुझी आहे, पहिली तूच बुडशील. तिनं आपल्या सहीचा परिच्छेद सगळ्यात वर टाकला. रुग्णालयात लोक तिच्याशी बोलेनासे झाले. सरांमुळं वाचलेल्या माणसांच्या घरच्यांनी समितीकडं पत्रांचा ढीग पाठवला, आणि त्या पत्रांतलं अक्षर न् अक्षर खरं होतं. हळदीकरांनी स्वतः मात्र तिच्याविरुद्ध एक शब्दही लिहिला नाही. तिला वाटत होतं, लिहिला असता तर बरं झालं असतं.

सुनावणी पुण्याला, पाच महिन्यांनी झाली. तोवर मकरंदच्या एका कानात ऐकण्याचं यंत्र बसवलं होतं. कानाच्या आतले मज्जातंतू शाबूत असल्यानं आवाज पोचत होता, पण पत्र्यावर वाळू ओतावी तसा; माणसाचा कुठला आणि मोटारीचा कुठला, हे ओळखायला अजून वर्षभर लागणार होतं. तो ब्रेलपट्टीच वापरत होता. दुकान बंद होतं. काठी आणि रोहिणीचा खांदा, दोन्ही धरून तो सभागृहात आला. प्रत्येक पाऊल तो सपाट, जोर देऊन टेकवत होता. जमीन आहे की नाही याची जणू दरवेळी खात्री करून घेत होता.

समितीचं बरंचसं आधीच ठरलेलं होतं. मापाडी चालू राहणार होता. विचारणा परत येणार होती, वीस मिनिटांच्या मुदतीसह, आणि रुग्ण शुद्धीत असेल तर प्रश्न पहिल्यांदा त्यालाच. न वाचता सही केली म्हणून शलाकाचा यंत्रं प्रमाणित करायचा अधिकार दोन वर्षांसाठी काढून घेतला होता. हळदीकरांनी प्रमुखपद सोडलं होतं. ते तिसऱ्या रांगेत एकटेच बसले होते आणि मकरंद आत आल्यावर उठून उभे राहिले. मकरंदला ते कळण्याचा प्रश्नच नव्हता.

समितीच्या अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी मकरंदची जबानी ऐकली, दोन-तीन खुलासे विचारले आणि कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "मिस्टर बिरनाळे, एक विचारते. वाटलं तर उत्तर द्या. त्या दुपारी तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही कुठलं औषध निवडलं असतं?"

 तिसऱ्या रांगेत हळदीकर पुढं झुकले.  पाच महिने शलाकानं हाच प्रश्न मनात शंभरदा विचारला होता आणि तोंडानं एकदाही विचारायची हिंमत केली नव्हती. मकरंदची बोटं पट्टीवरून हळूहळू उजवीकडं गेली, थांबली, पुन्हा डावीकडं येऊन तीच ओळ वाचून गेली.

"मॅडम," तो म्हणाला, "त्या दिवशी याचं उत्तर माझ्याकडं होतं. दुपारी दोन ते सव्वापाच मी ते घेऊन पडलो होतो, कुणी मागितलं नाही. आज मी मायसिन म्हणालो तर सर घरी जाऊन निवांत झोपतील. कोलिस्टिन म्हणालो तर माझी बहीण झोपेल. मला दोघांचंही बरं करायचं नाही."

अध्यक्षा काहीतरी बोलू लागल्या. मकरंदनं दोन्ही हात पट्टीवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. त्यांचे शब्द पट्टीवर ठिपके होऊन उमटले आणि कुणी न वाचताच विरून गेले.

थोड्या वेळानं तो उठला. खुर्चीच्या पाठीला धरून त्यानं तोल सावरला. शलाका लगबगीनं पुढं झाली, तिनं आपला हात त्याच्या हाताखाली नेला. त्यानं तो चाचपला, अंगठी चाचपली, कुणाचा आहे ते ओळखलं, आणि सावकाश बाजूला केला. "रोहिणी," त्यानं हाक मारली. रोहिणी आली. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो दाराकडं निघाला, एकेक पाऊल सपाट टेकवत. शलाकानं टेबलावरची ब्रेलपट्टी उचलली आणि ती दोघांच्या मागून, चार पावलं अंतर ठेवून चालू लागली.